मनकर्णाआत्याचं नाक

माझ्या मनकर्णाआत्याचं नाक कितीतरी वर्षं बंद होतं, आणि ते का बंद आहे हे तिला सोडून बाकी सगळ्यांना विचारलं गेलं. ही गोष्ट मला शांतपणे सांगता येत नाही. आत्या स्वतः सांगायची तेव्हा मधेमधे हसायची, सासूची नक्कल करायची, आणि मी ऐकता ऐकता दातओठ खायची. ती म्हणायची, "तू काहून एवढी तापून राहिली गं? नाक माझं व्हतं." नाक तिचं होतं हे खरं. पण तेवढं एक सोडलं तर त्या घरात तिचं काय होतं, हे मला अजून कळलेलं नाही.

आमचं गाव कनेरगाव, हिंगोलीहून वाशीमला जाणाऱ्या रस्त्यावरचं. तेव्हा इकडे निजामाचं राज्य आणि नाक्यापलीकडे वऱ्हाड. माझे वडील ग्यानबा, आणि ही त्यांची पाठची बहीण. घर लहान होतं, स्वयंपाक अंगणातल्या छपरीत व्हायचा आणि तिला तिन्ही बाजूंनी वारा होता. आत्या तिथं वाढली. मोठ्याने बोलायची, जात्यावर गळा मोकळा सोडून गायची, आणि कोणाच्या घरी काय शिजतंय ते रस्त्यावरून वासावर सांगायची. न्हाणही आलेलं नसताना तिला पुसेगावला दिली. नवरा व्यंकटराव, सासरा उकंडराव, सासू गोजरबाई. वय मान देण्याचं असलं तरी मी या तिघांना अहोजाहो करणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

घर खातंपितं होतं, जाड मातीच्या भिंतींचं, गावात नावाजलेलं. माझ्या आजोबांनी सोयरीक करताना बैल बघितले, विहीर बघितली, धान्याच्या कणग्यांवर हात फिरवून बघितला. पोरीला जिथं जन्म काढायचा ती स्वयंपाकाची खोली तेवढी बघितली नाही. पुरुषमाणूस ती कशाला बघेल?

त्या खोलीला खिडकी नव्हती. शिजतं अन्न बाहेरच्याच्या डोळ्याला पडलं की चुलीला नजर लागते आणि घरातली बरकत जाते, असं गोजरबाईचं म्हणणं होतं, तिच्या सासूचंही तेच होतं. चार भिंती आणि माजघरात उघडणारं एक ठेंगणं दार, एवढीच खोली. जळण कापसाच्या पऱ्हाट्यांचं आणि गोवऱ्यांचं, पावसाळ्यात तेही ओलं. घरच्यांच्या आणि गड्यांच्या मिळून टोपलंभर भाकरी सकाळी आणि टोपलंभर संध्याकाळी. सून घरात आली तशी गोजरबाईनं पळी खाली ठेवली आणि ती ओसरीवर जाऊन बसली. तिनं आपली वर्षं त्या धुरात काढली होती, आता दुसरीची पाळी होती. सुटल्याचा आनंद मी समजू शकते. पण जिथून आपण सुटलो तिथं दुसरीला कोंडताना एकदा तरी मागे वळून बघावं की नाही!

दोनेक वर्षांत आत्याचं नाक बंद झालं. पडसं नव्हे. शिंका नाहीत, पाणी गळणं नाही, खाज नाही. नुसतं बंद. कधी एक नाकपुडी, कधी दुसरी, आणि आडवं पडलं की दोन्ही. तोंड उघडं टाकून झोपायचं आणि सकाळी घसा वाळून कोरडाठाक. बोलणं गेंगाणं झालं. पाणवठ्यावरच्या बाया पदराआड हसायला लागल्या. वासही गेला, त्यामुळे दूध करपलं तरी तिला कळेना, आणि मग "लक्ष कुठं हाये तुझं?" म्हणून बोलणी खायची.

गोजरबाईनं घरचं औषध काढलं. आमच्या भागात हळद पिकते, त्यामुळे उपायही हळदीचाच. निखाऱ्यावर हळकुंड टाकायचं, डोक्यावरून गोधडी घ्यायची आणि धूर नाकाने आत ओढायचा. साध्या पडशाला त्याने गुण येतही असेल, मी नाही म्हणत नाही. पण जी बाई दिवसभर धुरात बसते तिला संध्याकाळी पुन्हा धूर पाजायचा? रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं म्हणतात. इथं तर रोगच औषध म्हणून देत होते आणि वर विचारत होते, गुण काहून येत नाही?

गावच्या वैद्याला बोलावलं. वैद्य ओसरीवर बसला, आत्या दाराआड. परक्या पुरुषाशी सुनेनं बोलायचं नाही, म्हणून सगळं गोजरबाईनं सांगितलं. वैद्यानं पीनस, म्हणजे नाकाचं जुनं दुखणं, म्हणून निदान केलं आणि नाकात ओढायला कायफळाची पूड दिली. ती ओढून आत्याच्या नाकातून रक्त आलं. मग व्यंकटराव तिला बैलगाडीत घालून हिंगोलीला एका हकिमाकडे घेऊन गेला. हकिमानं पदरावरूनच नाडी धरली आणि विचारलं, "तकलीफ कब से है?"

"असंल चार-सहा म्हैने," व्यंकटराव म्हणाला. तेव्हा दोन वर्षं उलटून गेली होती.

"किस से बढती है?"

"आंबट खाल्ल्यानं वाढतं जी."

आत्याला त्या वर्षात कोणी चिंचेचं बोटूकसुद्धा दिलं नव्हतं! नवऱ्याला उत्तर ठाऊक नव्हतं आणि ठाऊक नाही म्हणायची लाज वाटली, म्हणून त्यानं तोंडाला येईल ते ठोकून दिलं. हकिमानं नजला, म्हणजे मुरलेली सर्दी, ठरवून काढा दिला. परतताना गाडीत आत्यानं धीर करून सांगितलं, "अवं, सुगीत खळ्यावर ऱ्हायला गेलं का माझं नाक मोकळं व्हतं. घरी आलं का पुना बंद."

व्यंकटरावानं बैलाची शेपटी पिळली. "तुला वैद्यकी कळती का? गप ऱ्हाय."

सगळं निदान त्या एका वाक्यात होतं. ते सांगितलंही गेलं आणि ऐकणाराही समोर होता. पण बायको बोलली ते बोलणं थोडंच असतं? काढा महिनाभर दिला. चुलीवर उकळून, अर्थातच.

त्यानंतर संतराम झाला. पोरगं गोरं, गुटगुटीत. नाक बंद असलं तरी आत्या त्या दिवसांत सुखात होती. लेकराला पाजायला बसलं की तेवढा वेळ चुलीपासून सुटका व्हायची. ती म्हणायची, "त्याला दूध मिळायचं अन् मला वारा."

मग ते तव्याचं झालं. संतराम दीड वर्षाचा होता, अजून अंगावर पीत होता. उकंडराव माजघरात जेवायला बसला होता, ताट नेमकं स्वयंपाकघराच्या दारापुढे. धुरानं आत्याच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. चुलीचा दगड हलला आणि तापलेला तवा कलंडला. पलीकडे दुधाचं भांडं होतं, ते लवंडेल म्हणून तिनं उघड्या हाताने तवा धरला. धरला, सरळ केला, खाली ठेवला आणि उकंडरावाला भाकरी वाढली. तोंडातून हूं की चूं नाही. सासऱ्यापुढे सुनेचा आवाज निघता कामा नये, हे तिला त्या घरानं शिकवलं होतं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी विंचू चावला तेव्हा ती किंचाळली होती, तर गोजरबाईनं विंचवाला काही न म्हणता तिलाच आठवडाभर फैलावर घेतलं होतं. "घरात मोठी माणसं बसली, अन् गल्लीला ऐकू जाईल एवढं वरडावं का?" तेव्हापासून आत्या ओठ चावायला शिकली.

उकंडरावाने जेवताना बघितलं होतं. हात धुताना तो गोजरबाईला म्हणाला, "सुनेनं लाल तवा धरला, पर तोंडातून आवाज न्हाई काढला. काहून?"

झालं. गोजरबाईनं आत्याचा हात ओढून बघितला. पाचही बोटांना टरारून फोड. "दुखत न्हाई तुला?" आत्या खाली मान घालून उभी, कारण सासरा अजून दारातच होता. मग गोजरबाईनं एकात एक जोडलं. नाक बसलं. आवाज बसला. वास कळत नाही, करपलेलं कळत नाही, आता चटकाही कळत नाही. तिनं मागे सरकून पदर नाकाला लावला आणि तो शब्द उच्चारला. महारोग.

मला या ठिकाणी दर वेळी ओरडावंसं वाटतं. तुम्हीच तिची जीभ बांधली आणि तुम्हीच म्हणता हिला दुखत नाही!

त्याच दिवशी लेकरू काढून घेतलं. ते रडत होतं, आत्याचा पान्हा चोळीत जिरत होता, आणि घरात कोणी तिच्याकडे बघायला तयार नव्हतं. घरामागच्या गोठ्यात एका कोपऱ्यात तिची पथारी टाकली. तीन दगडांवर तिनं आपलं आपण शिजवायचं. पीठ लांबून ओतायचे. दिवेलागणीला गोमाश्या जाव्यात म्हणून गोठ्यात गोवऱ्यांची धुरी करायचे, दार लोटून घ्यायचे. बैलांबरोबर तीही त्या धुरात. नाक उघडायचं कसं? आणि नाक उघडत नाही हाच गोजरबाईचा पुरावा. "बघा, सुधरून राहिली का? सुधरायची न्हाई."

आत्याचं एकच मागणं होतं. मला कुठंही ठेवा, वाळीत टाका, पण माझं लेकरू मला द्या. संतराम ओसरीवर खेळताना तिला गोठ्यातून दिसायचा. ती हाक मारायची तर त्याला उचलून आत न्यायचे. पुढे पुढे तो स्वतःच आत पळायला लागला, तसं त्याला शिकवलंच होतं. आणि वर्ष उलटल्यावर व्यंकटरावासाठी दुसऱ्या बायकोची बोलणी सुरू झाली. सवत आली की लेकरू कायमचं तिचं होणार, हे आत्याला दिसत होतं.

आमच्या घरी यातलं काही माहीत नव्हतं. निरोप यायचे, पोरीला बरं नाही, पाठवता येत नाही. दुसऱ्या पंचमीलाही ती आली नाही तेव्हा माझे वडील आणायला गेले आणि त्यांना थेट गोठ्यात नेऊन उभं केलं. वडिलांची मी लाडकी होते, तरी लपवत नाही. बहिणीला बघून तेही आधी चार हात लांबच थांबले. आत्या म्हणाली, "भाऊ, तू बी?" तेव्हा कुठं ते पुढे झाले आणि तिच्याजवळ गवतावर बसले.

वडील म्हणाले, "महारोग हाये तर दवाखान्यात दाखवू. नसंल तर लेकरू द्यावं लागंल." उकंडराव म्हणाला, "दाखवा. खर्च तुमचा." तो तरी कशाला हात सैल सोडेल!

हिंगोलीहून रेल्वेने पूर्णा, तिथं गाडी बदलून पुढे तेलंगणाच्या बाजूला. तिकडे महारोग्यांचा एक मोठा दवाखाना होता. आत्या डब्याच्या कोपऱ्यात पदर तोंडावर घेऊन बसली होती, भिऊन. रोग असल्याचं भय नव्हतं तिला. डॉक्टरानं हो म्हटलं तर संतराम गेला, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

तिथला डॉक्टर वयस्कर होता, दख्खनीत बोलायचा. सोबत आशाबाई नावाची आमच्याकडची मराठी बोलणारी नर्स होती. डॉक्टरानं आत्याच्या दंडाला टाचणी टोचली. आत्या गप्प. वडील शेजारीच उभे, थोरला भाऊ, शिवाय डॉक्टर परका पुरुष. दुसरीकडे टोचली. गप्पच.  वडील रडकुंडीला येऊन म्हणाले, "वरड की गं मनकर्णे! दुखतं म्हण की!"

डॉक्टरानं त्यांना बाहेर काढलं. म्हणाला, "मला हिचा आवाज नको, हिचं बोट पाहिजे." आशाबाईनं आत्याचे डोळे पदराने बांधले आणि सांगितलं, जिथं टोचेल तिथं बोट ठेव, बोलू नको. आत्या बरोबर तिथंच बोट ठेवत गेली. दंड, पोटरी, कान, तळहातावर भाजल्याचे वण होते तिथंसुद्धा. मोराच्या पिसाचा नुसता स्पर्श केला तरी बोट तिथं. मग डॉक्टरानं कपाळाला आरसा लावून नाकात बघितलं, काडीला कापूस गुंडाळून आतला ओलावा काचेवर घेतला. आशाबाईनं विचारलं, "टोचलं तवा दुखलं का?"

"दुखलं की."

"मग बोलली काहून न्हाई?"

"मोठ्या माणसायपुढं कसं बोलावं?"

आशाबाईनं ते डॉक्टरला सांगितलं.  मग तो समोरच्या बाकावर बसला आणि आशाबाईच्या तोंडून एकेक विचारू लागला. थेट आत्यालाच. शिंका येतात? न्हाई. पाणी गळतं? न्हाई. खाज? न्हाई. ठरावीक महिन्यात, फुलोऱ्यात वाढतं? न्हाई, बाराही म्हैने. नाकाला कधी मार लागला? न्हाई. तपकीर ओढतेस? न्हाई. मग उघडतं कधी? तिला आधी प्रश्न खराच वाटेना. आजवर सगळ्यांनी बंद कधीपासून ते विचारलं होतं, तेही दुसऱ्याला. ती म्हणाली, "खळ्यावर. माहेरी. अन् इथं आल्यापून बी जरा मोकळं वाटून राहिलं."

त्यानं तिला आठवडाभर ठेवून घेतलं. वेगळ्या, हवेशीर खोलीत. काचेवरच्या ओलाव्यात महारोगाचं काही निघालं नाही. स्वयंपाक दुसरे करत होते, दूर उघड्यावर. मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुवायचं, एवढंच औषध. एका सकाळी तिला खोबरेल तेलाचा वास आला. आशाबाईच्या वेणीचा. आत्या तिथंच हमसून रडायला लागली. डॉक्टर वडिलांना म्हणाला, "महारोग नाही. पडसं नाही. पीनस नाही. हिच्या नाकाला धूर सोसत नाही, दुसरं काही नाही. चूल बाहेर काढा नाहीतर भिंत फोडा."

पुसेगावला परतल्यावर वडिलांनी ओसरीवर बसून हे जसंच्या तसं सांगितलं. आत्या अंगणात उभी होती. गोजरबाई आधी ऐकत राहिली आणि मग हसली. "धुरानं? आमी काय चुलीपुढं बसलो न्हाई? गावातल्या समद्या बाया धुरातच ऱ्हातात. त्यायची नाकं झडली का?" मग उकंडरावाकडे बघून म्हणाली, "वरीसभर गोठ्यातच राहू द्या. बघू. मग लेकराचं बघता येईल." व्यंकटराव बोटाने जमिनीवर रेघा ओढत होता. वडिलांचा आवाज चढला, उकंडरावाचाही चढला. आठवडाभराचा दवाखाना, एवढा प्रवास, आणि सगळं पुन्हा होतं तिथंच.

एवढ्यात संतराम आतून आला. सून गोठ्यात गेल्यापासून गोजरबाईलाच पुन्हा चूल धरावी लागली होती, आणि नातू तिच्या मांडीवेगळा होत नव्हता. दीड-पावणेदोन वर्षं ते लेकरू तिच्यासोबत त्या बिनखिडकीच्या खोलीत बसत होतं. तो उंबऱ्यावर उभा राहिला. आत्या त्याच्याकडे बघत राहिली. त्याचं तोंड उघडं होतं. ओठ वाळून फुटले होते. श्वास घेताना घशात घरघर होत होती. तो गोजरबाईचा पदर ओढून "आजी, भूक" म्हणाला, ते गेंगाणं होतं.

आत्या अंगणातून सरळ ओसरीवर चढली. सासरा समोर, नवरा समोर, पदर डोक्यावरून ढळलेला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच ती उकंडरावापुढे तोंड उघडून बोलली.

"ह्याचं नाक कवापून बंद हाये?"

गोजरबाई दचकली. "पडसं हाये जरासं. लेकराला व्हतंच."

"शिंका येत्यात? पाणी गळतं?"

गोजरबाईनं पोराला मागे ओढलं. उकंडरावानंच विचारलं, "सांग की. गळतं का?"

"न्हाई," गोजरबाई म्हणाली. "नुसतं बंद हाये. पावसाळ्याच्या आदीपून."

"मग हे माझंच दुखणं," आत्या म्हणाली. "मला गोठ्यात बांधलं. ह्याला कुठं बांधता?"

 उकंडरावानं नातवाकडे बघितलं, नाकाकडे बघितलं, वाळलेल्या ओठांकडे बघितलं. एकुलता एक नातू! मग तो उठला आणि पोराला उचलून त्यानं आत्याच्या हातात दिलं. पोरगं ओळखेना, हातपाय झाडून रडायला लागलं. आत्यानं त्याला तसंच छातीशी धरलं आणि ती त्याला घेऊन अंगणात वाऱ्याला जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताच उकंडरावानं स्वतः पहार घेतली आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला बैलाचं डोकं जाईल एवढं भगदाड पाडलं. नजर, बरकत, सगळं गुंडाळून ठेवलं. आत्या कित्येक वर्षं त्या भिंतीआड गुदमरली तेव्हा कोणाला पहार सापडली नव्हती. गल्लीतल्या बाया माती बघायला जमल्या, काहून फोडली म्हणून विचारू लागल्या, आणि गोजरबाई कमरेवर हात ठेवून त्यांना सांगत होती, "आमच्या संतरामला धूर सोसत न्हाई, बाई."